‘मुस्लिम बांधव’ म्हणजे कोण?

रमजान ईद झाली की त्यानंतरचे कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडावे. आतल्या पानावर एक छायाचित्र हमखास असते. दोन लहान मुले, डोक्यावर जाळीच्या पांढऱ्या टोप्या, अंगात घडी मोडलेले नवे कुर्ते, एकमेकांना मिठी मारत आहेत. खाली ओळ असते : ‘ईदगाह मैदानावर नमाज पठणानंतर मुस्लिम बांधवांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या.’ गेली तीसेक वर्षे मी हे छायाचित्र पाहतो आहे. मुले बदलतात, ओळ बदलत नाही. त्या मुलांची नावे छापलेली मी क्वचितच पाहिली. त्याच अंकात शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य करणाऱ्या मुलांची नावे ‘डावीकडून’ अशी क्रमाने दिलेली असतात. ईदचा मुलगा मात्र सहा वर्षांचा असला तरी ‘मुस्लिम बांधव’ असतो.

असल्या किरकोळ गोष्टींबद्दल समीक्षा लिहावी काय, असे कोणी विचारील. कादंबऱ्या पडल्या आहेत, कवितासंग्रह पडले आहेत. पण आपल्या समाजातली बहुसंख्य माणसे कादंबरी वाचत नाहीत. ती वर्तमानपत्र वाचतात, मालिका पाहतात, सिनेमा पाहतात, आता हातातल्या फोनवर दिवसाला पन्नास चित्रफिती पाहतात. आपल्याबद्दलचे जे वाङ्मय रोज सर्वांत जास्त छापले आणि दाखवले जाते ते हेच आहे. त्याची समीक्षा कोणी करत नाही, म्हणून ते सुखाने चालू आहे.

आधी ‘नमाज पठण’ या शब्दाचे पाहू, कारण त्यात दोष एकट्या वर्तमानपत्राचा नाही. आपण घरी ‘नमाज पढना’ म्हणतो. कोणा उपसंपादकाने कधीतरी त्याचे शुद्ध मराठी केले आणि ‘पठण’ झाले. आता हरिपाठाचे पठण, स्तोत्राचे पठण, तसे नमाजाचे पठण. नमाजात कुराणाच्या आयती म्हटल्या जातात हे खरे, पण नमाज उभे राहून, वाकून, कपाळ जमिनीला टेकवून होते. ज्याने ती एकदा शेजारी उभे राहून पाहिली आहे त्याला ‘पठण’ हा शब्द सुचणार नाही. हा शब्द चुकीचा आहे म्हणून माझी तक्रार नाही. इतकी वर्षे तो कोणालाच खटकला नाही, याचे नवल वाटते.

‘बांधव’ हा शब्द मात्र साधा नाही. ‘शेतकरी बांधव’, ‘आदिवासी बांधव’, ‘दलित बांधव’, ‘भटके-विमुक्त बांधव’ आणि ‘मुस्लिम बांधव’ अशी त्याची रांग आहे. ‘डॉक्टर बांधव’, ‘कारखानदार बांधव’, ‘संपादक बांधव’ असे कोणी लिहीत नाही. ज्याच्याशी नाते आहेच, त्याला बांधव म्हणावे लागत नाही. आपण सख्ख्या भावाला भाऊ म्हणून इतरांना ओळख करून देतो, पण त्याच्याशी बोलताना नावाने हाक मारतो. कोणी म्हणेल, ‘मराठा बांधवांनो’, ‘धनगर बांधवांनो’ असेही म्हटले जाते. म्हटले जाते, पण तिथे बोलणारा आतला असतो. मेळाव्याच्या पत्रकावर तो आपल्याच लोकांना हाक मारत असतो. ‘मुस्लिम बांधव’ मध्ये बोलणारा बाहेर उभा आहे आणि तिसऱ्याला सांगतो आहे. आपण त्या वाक्यात हजर आहोत, पण आपल्याशी कोणी बोलत नाही.

शिवाय हा शब्द पुल्लिंगी आहे. मुस्लिम बांधवांच्या घरात बायका असतात ही बातमी मराठी माध्यमांना दोनच वेळा लागते. एकदा तलाकच्या वेळी आणि एकदा राखीच्या वेळी, पोलीस निरीक्षकांना राखी बांधणाऱ्या ‘मुस्लिम भगिनी’. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातल्या तीन तलाकविरुद्ध निकाल दिला, २०१९ ला कायदा झाला. त्या दिवसांत वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा झाल्या. मी त्यांतल्या बऱ्याच पाहिल्या. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला होता, तो हमीद दलवाईंनी काढला होता, आणि दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे मराठी लेखक होते, एवढे तीन वाक्यांचे संदर्भ मी पाहिलेल्या चर्चांत एकदाही आले नाहीत. दलवाईंची मते पटोत न पटोत. आपल्यात त्यांच्यावरून अजूनही भांडणे होतात आणि ती व्हावीत. पण एक्कावन्न वर्षे आधीचा हा प्रयत्न मराठीत, मराठी माणसाने केला होता, हे मराठी वाहिनीला आठवू नये याचा अर्थ मला लागत नाही.

किंवा लागतो. ‘मराठी’ आणि ‘मुस्लिम’ हे दोन वेगळे रकाने आहेत असे एकदा ठरले की दलवाई कोणत्या रकान्यात घालायचे हे कळेनासे होते.

हे रकाने पाहायचे तर निवडणुकीचे विश्लेषण ऐकावे. अमुक मतदारसंघात मराठी मते इतकी, उत्तर भारतीय इतकी, गुजराती इतकी, मुस्लिम इतकी. चार जिन्नस एका तराजूत टाकले आहेत. पण तीन जिन्नस भाषेचे किंवा प्रांताचे आणि चौथा धर्माचा. ‘आमच्याकडे आंबे, केळी, फणस आणि गोड फळे मिळतात’ असा दुकानदाराने फलक लावला तर आपण हसू. विश्लेषक मात्र गंभीर चेहऱ्याने हेच वाचून दाखवतो, आणि समोर बसलेले आपणही मान डोलावतो. रत्नागिरीचा दाल्दी मच्छीमार, साताऱ्याचा मुलाणी, बार्शीचा तांबोळी, लातूरकडचा शेतमजूर शेख यांचे मत कोणत्या रकान्यात मोजले, हे कोणी विचारत नाही.

आकडेच घ्यायचे तर २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान १ कोटी २९ लाखांहून अधिक होते. त्याच जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे ७५ लाखांच्या आसपास. उर्दू सांगणारा प्रत्येक जण मुसलमान धरला तरी पन्नास लाखांहून अधिक मुसलमानांनी दुसरी कोणती तरी भाषा सांगितली. ते सगळे मराठी नव्हेत. त्यांत हिंदी सांगणारे आहेत, आणखीही भाषा आहेत. आणि उर्दू सांगणाऱ्यांतही असंख्य जण असे की, घरात दखनी, बाजारात मराठी, अर्ज मराठीत, भांडण मराठीत. जनगणनेच्या कागदावर मातृभाषेला एकच चौकोन असतो, म्हणून त्यांनी एक सांगितली. हे वास्तव गुंतागुंतीचे आहे हे मान्य. पण गुंतागुंत आहे म्हणून ‘मराठी’ शब्दातून आपल्याला सरसकट वगळण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

वगळणे नेहमी द्वेषाने होते असे नाही, ते कौतुकानेही होते. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ हे वाक्य ऐकले नाही असा या अंकाचा वाचक नसेल. मी ते बँकेत ऐकले आहे, रेल्वेत ऐकले आहे आणि ज्या शाळेत मी स्वतः मराठी शिकवत होतो त्या शाळेत एका पालकाकडून ऐकले आहे. बोलणारा मनापासून बोलतो. त्याला रागावावे असे काही नसते आणि नेमकी तीच अडचण असते. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीने चर्चेला बोलावले. विषय मराठी शाळांचा होता. चेहऱ्याला पावडर लावून झाल्यावर एक तरुण निर्माता जवळ आला. ‘सर, तुम्ही हिंदीत बोललात तरी चालेल.’ मी म्हणालो, ‘मला मराठीत बोलायचंय.’ तो खूश झाला. जाता जाता म्हणाला, ‘मग सर, मधे मधे थोडे उर्दू शब्द येऊ द्या ना, छान वाटतं.’ माझे उर्दू बेताचे आहे. अब्बांनी मराठी शाळेत घातले, अलिफ-बे मदरशात झाले तेवढेच. मी त्याला तसे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा असा पडला, की मीच त्याला फसवले आहे असे मला वाटू लागले.

अशा वेळी आपण यादी म्हणतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा ‘योगसंग्राम’, शहामुनींचा ‘सिद्धांतबोध’, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण. त्याच १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले हेही आपण अभिमानाने सांगतो. ही यादी आपल्याला तोंडपाठ आहे. प्रत्येक संमेलनाच्या स्वागताध्यक्षाने ती म्हटली आहे. मीही म्हटली आहे. पण दर वेळी दारात उभे राहून यादी दाखवावी लागते, आणि दारावरचा माणूस दर वेळी ती पहिल्यांदाच पाहत असतो.

सिनेमाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडेच लिहितो. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३) यांतले शेरवानीवाले नवाबी मुसलमान हे लखनौचे होते. आपल्या मोहल्ल्यातल्या कोणी तसला शेर म्हणून पोरगी पटवली असल्याचे ऐकिवात नाही. पुढे ‘जंजीर’मधला (१९७३) शेरखान आला, तो दोस्तीसाठी जीव टाकणारा. ‘शोले’तले (१९७५) इमामसाहेब आले, ते म्हातारे, आंधळे, मुलगा गमावलेले आणि तरीही गावासाठी आणखी द्यायला तयार. तो मुलगा अहमद झाला होता आपला मराठी सचिन, ही एक गंमत. हे सगळे भले लोक होते. त्यांच्या भलेपणाची किंमत मात्र ठरलेली होती. चांगल्या मुसलमानाने पडद्यावर काही तरी गमवावे लागते. नव्वदनंतर टोळीवाला आणि अतिरेकी आला आणि त्याच्यासोबत त्याला पकडून आपली निष्ठा सिद्ध करणारा पोलीस अधिकारी आला, ‘सरफरोश’मधल्या (१९९९) सलीमसारखा. तेव्हापासून ही जोडगोळी चालू आहे.

मला कोडे पडते ते आवाजाचे. पडद्यावर मुसलमान वस्ती येण्याआधी अजान येते. कोणत्याही वेळेला येते. दुपारी साडेतीनचे ऊन असो की रात्रीचे बारा, कॅमेरा गल्लीत वळला की अजान सुरू. पाठोपाठ कबुतरे उडतात, कबाबच्या शेगडीचा धूर, हिरवा पडदा, सुरमा. आमच्या गल्लीत कॅमेरा वळला तर आधी पिठाच्या गिरणीचा आवाज येईल, मग कोणाच्या तरी टीव्हीवरची मराठी मालिका. नानी गेली तोवर रात्री साडेआठची मालिका चुकवत नव्हती. इशाची नमाज त्या हिशोबाने मागेपुढे होत असे, अल्लाह माफ करो. तिने वर्षानुवर्षे त्या सासू-सुनांची काळजी वाहिली. त्या मालिकांच्या वाड्यांत, सोसायट्यांत, गावांत तिच्यासारखी एक शेजारीण मला आठवत नाही. सणाच्या भागात शीरखुर्म्याची वाटी घेऊन एखादी येते आणि वाटी ठेवून जाते. ज्या महाराष्ट्रात बलुतेदारीत मुलाणी होता, बांगड्या भरायला मणियार येई, पान तांबोळ्याकडून आणि गादी पिंजाऱ्याकडून येई, त्या महाराष्ट्राचे खेडे मालिकेत इतके निवडून पाखडून कसे येते?

अपवाद आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) परश्याचा दोस्त सल्या आहे. तो सलीम शेख आहे हे चित्रपट कुठे थांबून सांगत नाही. त्याच्यासाठी वेगळे संगीत वाजत नाही. तो परश्यासारखेच मराठी बोलतो, मैत्रीपायी मार खातो. थिएटरात माझ्या शेजारी बसलेला माझा भाचा सल्या दिसला की हसत होता, आणि मध्यंतरात त्याने मला विचारले, ‘मामू, तो आपल्यातला आहे ना?’ त्याला खात्री करून घ्यायची होती, कारण नेहमीच्या खुणा दिसत नव्हत्या. सल्या शेवटी नायकाचा मित्रच आहे, हेही खरे. पण त्याच्या मित्रत्वात धर्माचा हिशोब नाही, आणि मराठी पडद्यावर मी तेवढ्यावरही खूश झालो.

आता एक कडू भाग. ‘बांधव’ या शब्दाचे दुसरे टोक ‘मास्टरमाइंड’ आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान होते. पुढे नऊ मुसलमान तरुणांना अटक झाली. २०११ साली त्यांना जामीन मिळाला आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक हयात नव्हता. न्यायालयीन बाजूबद्दल मला अधिक बोलायचे नाही, ते वकिलांचे काम. मला शब्दांबद्दल बोलायचे आहे. अटकेच्या दिवसांत ‘सूत्रधार’, ‘म्होरक्या’, ‘मास्टरमाइंड’ हे शब्द आले तेव्हा त्यांच्यासोबत नाव, बापाचे नाव, मोहल्ला, दुकान, शिक्षण असा सगळा तपशील आला. ईदच्या छायाचित्रातल्या मुलाला जे मिळत नाही ते सगळे इथे मिळते. सुटकेची बातमी आली तेव्हा वाचनालयात मी ती शोधून काढली. दोन रकाने, आतले पान. आरोपीचे शिक्षण, दुकान, मोहल्ला यांतले काहीच नव्हते. म्हणजे आपल्याला पूर्ण नाव मिळण्याची जागा एकच आहे की काय?

माध्यमात काम करणारे माझे मित्र यावर म्हणतात, ‘अहो, घाई असते, जागा नसते, तयार साचे वापरावे लागतात. यात कट नसतो.’ मला ते पटते. कट असता तर सोपे गेले असते. छायाचित्रकाराला सकाळी साडेआठला ईदगाहवर पोहोचायचे असते, तिथून दहाला दुसरीकडे. त्याला मिठी हवी असते, कारण कार्यालयात मिठी मागितलेली असते. ‘मुस्लिम बांधव’ ही ओळ गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये तयार असते. पण साचा स्वस्त पडतो म्हणून तो निर्दोष ठरत नाही. ज्या वार्ताहराच्या ओळखीचे दहा मुसलमान आहेत त्याला साचा पुरत नाही, तो आपोआप नाव लिहितो. आपल्या जिल्हा आवृत्त्यांत वार्ताहर म्हणून किती मुसलमान मुले आहेत, हे ज्याने त्याने मोजून पाहावे. आमच्या तालुक्यात एक आहे. त्याच्या बातम्यांत ‘बांधव’ कमी असतात.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख आपल्याला फार आवडला असता. पण साच्याला माल आपणही पुरवतो. ‘मुस्लिम कुटुंबात गणपतीची प्रतिष्ठापना’, ‘वारकऱ्यांना मुस्लिम बांधवांकडून फराळ’ या बातम्या सर्वांत जास्त पुढे कोण पाठवतो? आपणच. आपल्याला त्या आवडतात, कारण त्या दिवशी तरी आपण चांगल्या पानावर असतो. फराळ देणाऱ्याने द्यावाच, पिढ्यान्‌पिढ्या दिला आहे, तेव्हा कोणी बातमीदार बोलावत नव्हते. आता फलक आधी छापला जातो.

आणि आपले साहित्य? या वार्षिकाचे काही जुने अंक मी या निमित्ताने पुन्हा काढले. कथांमध्ये दंगल आहे, तलाक आहे, गरिबी आहे, भाड्याने घर न मिळणे आहे. हे सगळे खरे आहे, लिहायलाच हवे. पण जुना टेम्पो विकून नवा घ्यायचा आहे आणि बायको नको म्हणते आहे, एवढाच प्रश्न असलेला रफिक किंवा युनूस मला त्यांत सापडला नाही. हसवणारा मुसलमान तर नाहीच. आपला मोहल्ला तर दिवसभर हसत असतो. आपल्या पात्रांनाही आपण ‘बांधव’च करून ठेवले आहे. फरक इतकाच की ते मिठी मारत नाहीत, रडतात. दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये (१९६५) कोकणातल्या गावाचे मुसलमान आहेत. त्यांच्यात हेवेदावे आहेत, वासना आहेत, मोठेपणाचा सोस आहे. ती कादंबरी अनेकांना बोचली आणि अजून बोचते. पण त्यातला एकही माणूस छायाचित्रात उभा केल्यासारखा वाटत नाही. दलवाईंच्या राजकारणाशी माझे अर्ध्याहून अधिक मतभेद आहेत. तरीही साठ वर्षांनंतर आपण त्या कादंबरीच्या पुढे किती गेलो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने टाळू नये.

जुने अंक काढले तसे एका संमेलनाची स्मरणिकाही हाती लागली. मी तिच्या संपादक मंडळात होतो. मधल्या पानांवर छायाचित्रे आहेत. व्यासपीठावर बसलेल्या अकरा पुरुषांची नावे डावीकडून क्रमाने, पदव्यांसह दिली आहेत. खालच्या छायाचित्रात माइकसमोर एक बाई कविता वाचत आहेत, मागे आणखी तिघी बसल्या आहेत. त्या चौघींपैकी एकीच्या अध्यक्षतेखाली ते कविसंमेलन झाले होते, मला चांगले आठवते. ओळ आहे : ‘कविसंमेलनात सहभागी मुस्लिम भगिनी.’ ती ओळ मीच लिहिली होती. अध्यक्ष कोणती, हे छायाचित्र पाहून आता मला सांगता येत नाही.